काळी बाजू, पांढरी बाजू

पुण्यात ‘क्वीन’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे डेक्कन क्वीनच उभी राहते. त्या नावाचा लंडनचा बँड आठवणारे थोडे. पण या थोड्यांना एक गोष्ट हमखास ठाऊक असते: बाउंटी सिझलर्सवाले फरांग इराणी शाळेत असताना फ्रेडी मर्क्युरीबरोबर वाजवत होते. गोष्ट खरी आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये १९५८च्या सुमारास पाच पोरांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला आणि त्यात इराणी बास वाजवायचे. बास म्हणजे चहाचं खोकं. प्लायवुडचं रिकामं खोकं पालथं घालायचं, त्यावर काठी टेकवायची, काठीच्या टोकापासून खोक्यापर्यंत दोरी ताणायची. काठी मागे ओढली की स्वर चढतो, सैल सोडली की उतरतो. इंग्लंडात त्या काळी पोरांनी असल्या घरगुती वाद्यांवर धुमाकूळ घातला होता. त्याची लाट सातारा जिल्ह्यातल्या डोंगरावर पोचायला फार वेळ लागला नाही.

पियानोवर होता फारूख बलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. वडील बोमी तिथे इंग्रज सरकारच्या कचेरीत रोखपाल. मूळ घराणं गुजरातेतल्या बलसाडचं, म्हणजे फारूख शाळेत आला तेव्हा मुंबई राज्यातलंच. १९५५मध्ये आठ वर्षांच्या या मुलाला आईबापांनी बोटीने भारतात पाठवलं. मुंबईहून पुण्यापर्यंत आगगाडी, पुढे वाई आणि पसरणीचा घाट. सुट्टी लागली तरी झांझिबार लांब. मग मुंबईत मावशीकडे राहायचं. मुख्याध्यापकांनी घरी कळवलं की मुलाला संगीताचं अंग आहे, थोडी जादा फी भरलीत तर पियानो शिकवता येईल. आईवडिलांनी फी भरली. पियानोच्या चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा त्याने दिल्या, शाळेच्या गायनवृंदात गायला, टेबल टेनिसमध्ये बक्षिसं मिळवली. ‘फ्रेडी’ हे नावही पाचगणीतच पडलं.

हेक्टिक्सवाले एल्विस, क्लिफ रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवायचे. ती ऐकायला मिळायची रेडिओ सिलोनवर. माहिती आणि नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी आकाशवाणीवरून हिंदी सिनेगीतांनाच बाहेरची वाट दाखवली होती, तिथे एल्विसची काय कथा! केसकरांचा हेतू शास्त्रीय संगीत तगवण्याचा होता आणि त्याचा फायदाही झाला. पण देशभरच्या पोरांनी काटा फिरवून कोलंबो लावलं, हेही त्यांचंच कर्तृत्व. पाचगणीच्या पोरांनीही तेच केलं.

या पाचांचं पुढे काय झालं, ते सांगायचा मोह आवरत नाही. ड्रम वाजवणारा व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाला आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख होता. गिटारवाला डेरिक ब्रांच इंग्लंडात नट झाला. तिथल्या एका गाजलेल्या विनोदी मालिकेत त्याने रुग्णालयातला जो कर्मचारी रंगवला, त्याचं आडनाव चक्क गुप्ते होतं. गायक होता ब्रूस मरे. होय, गायक. हेक्टिक्समध्ये मुख्य आवाज फारूखचा नव्हता, तो पियानो बडवत मागून साथ द्यायचा. आणि इराणींनी पुण्यात सिझलर खिलवला.

पियानोवाल्याने पंधरा वर्षांनी लंडनमध्ये एक तबकडी केली, हा लेख तिच्याबद्दल आहे. ‘क्वीन टू’ म्हणजे क्वीनचा दुसरा अल्बम. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या दीड वर्ष आधीचा, आणि माझ्या मते तिच्यापेक्षा धाडसी.

१९६३मध्ये फारूख पाचगणीहून परतला. जानेवारी १९६४मध्ये झांझिबारात क्रांती झाली, रक्तपात झाला, आणि बलसारा कुटुंबाने लंडनजवळचं फेल्टम गाठलं. ईलिंगच्या कला महाविद्यालयात त्याने ग्राफिक डिझाइनचं शिक्षण घेतलं. क्वीनचं राजचिन्ह त्यानेच काढलेलं. १९७०मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर यांच्याबरोबर बँड उभा राहिला, १९७१मध्ये जॉन डीकन बासवर आला. चौघांपैकी मे खगोलभौतिकीचा विद्यार्थी. सूर्यमालेतल्या धुळीवरचा त्याचा प्रबंध बँडमुळे अर्धवट राहिला, तो त्याने २००७मध्ये पुरा करून डॉक्टरेट घेतली. ही बाब पुढे उपयोगी पडणार आहे.

पहिला अल्बम झाला तो उरल्यासुरल्या वेळात. लंडनच्या सोहो भागातला ट्रायडेंट स्टुडिओ तेव्हा नावाजलेला. बीटल्सचं ‘हे ज्यूड’ तिथलं, डेव्हिड बोवीचे अल्बम तिथले. क्वीनचा करार स्टुडिओच्या मालकांशीच झाला होता. सोय अशी की मोठी गिऱ्हाइकं निघून गेली की उरलेले तास या पोरांचे. मध्यरात्री बोलावणं आलं की जायचं आणि पहाटे बाहेर पडायचं. ध्वनिमुद्रण बहुतेक १९७२चं, पण तबकडी बाजारात यायला जुलै १९७३ उजाडला. बँडला तिचा आवाज, विशेषतः ड्रम्सचा कोंदटपणा, कधीच पटला नाही. ही खंत इतकी टिकली की २०२४मध्ये मे आणि टेलर यांनी मूळ फितींपासून पहिल्या अल्बमचं मिश्रण नव्याने करून घेतलं. एक्कावन्न वर्षांनी!

दुसऱ्या अल्बमसाठी त्यांनी अट घातली: स्टुडिओचा वेळ नीट, दिवसाढवळ्या, आमच्या नावावर. ऑगस्ट १९७३मध्ये तो मिळाला. मग आधी आवरून धरलेलं सगळं बाहेर आलं. निर्माता रॉय थॉमस बेकरही याच वेडातला. मागितलं ते नाकारायचा नाही, उलट आणखी भर घालायचा.

इथे जरा यंत्राकडे बघू. तेव्हाच्या फितीवर सोळा पट्ट्या असत. एका पट्टीवर ड्रम, एकीवर बास, एकीवर गिटार, असं करत सोळा संपतात. पण यांना फक्त गाणाऱ्या आवाजांचेच थरावर थर हवेत. उपाय एकच: भरलेल्या पाचसहा पट्ट्या एकत्र करून एकदोन पट्ट्यांवर उतरवायच्या आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुन्हा गायचं. मर्क्युरी, मे आणि टेलर असे तिघेच गाणारे. पण तीच ओळ पुन्हा पुन्हा गाऊन, एकावर एक ठेवून, चर्चभर गायक उभे करायचे. दरवेळी उतरवताना फितीची सरसर थोडी वाढते, मूळ आवाजाची धार थोडी जाते, आणि एकदा मिसळलेलं पुन्हा वेगळं करता येत नाही. म्हणजे पाचव्या थराला काय हवं, ते पहिला थर गातानाच ठरलेलं पाहिजे. आज संगणकावर दोनशे पट्ट्या उघडून बसणाऱ्याला या शिस्तीची कल्पना येणं अवघड आहे.

तबकडीच्या दोन बाजूंना त्यांनी पहिली आणि दुसरी न म्हणता पांढरी आणि काळी म्हटलं. पांढरी बाजू जवळजवळ सगळी मेची, शेवटचं एक गाणं तेवढं टेलरचं. काळी बाजू पूर्ण मर्क्युरीची.

काळ्या बाजूची सुरुवातच उलटी आहे. ‘ओगर बॅटल’ या राक्षसयुद्धाच्या गाण्याचा शेवट उलट्या फितीने आधी ऐकू येतो, मग गाणं सरळ होतं आणि धडधडत सुटतं. त्याला जोडून लगेच ‘द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक’. हे गाणं एका चित्रावरचं. रिचर्ड डॅड हा चित्रकार वेड्यांच्या इस्पितळात असताना १८५५ पासून नऊ वर्षं एका छोट्या कॅनव्हासवर काम करत होता: गवतात दडलेली बारीक बारीक माणसं, पऱ्या, गाडीवान, आणि मधोमध कुऱ्हाड उगारलेला एक लाकूडतोड्या. हे चित्र लंडनच्या टेट गॅलरीत आहे. मर्क्युरीने बँडला तिथे नेऊन ते दाखवलं. मग हार्पसिकॉर्डवर बोटं नाचवत त्याने चित्रातली माणसं गाण्यात एकेक करून ओढली. चित्रात रिकामी जागा नाही, म्हणून गाण्यातही नाही. गर्दी खटकते म्हणणाऱ्याने आधी चित्र बघावं.

त्यानंतर ‘नेव्हरमोर’, जेमतेम सव्वा मिनिटाचं, पियानो आणि आवाजांचं. आणि मग ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’: साडेसहा मिनिटं, तुकड्यांमागून तुकडे, एकाचीही सवय होऊ न देणारे. त्यात एके ठिकाणी आठाची आणि बाराची लय एकाच वेळी चालते. आपल्याकडे तबलजी चौपटीवर आड घालतो तेव्हा श्रोत्यांतून ‘क्या बात है’ निघते; इथे रॉक ऐकणाऱ्याला काही कळायच्या आत ते निघून जातं. दीड वर्षाने जगाने ज्याला डोक्यावर घेतलं, त्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा कच्चा आराखडा हाच. फक्त तिथे तुकडे कमी केले, सांधे सोपे केले.

फ्रेडी मर्क्युरीबद्दल लिहिताना आपल्याकडचे लोक त्याच्या गाण्यात भारत शोधतात. कुणाला त्याच्या तानेत राग दिसतो, कुणाला लता मंगेशकर ऐकू येते. मला हा शोध नेहमी जरा केविलवाणा वाटत आला आहे. काळी बाजू नीट ऐका. पियानोची इंग्रजी तालीम, चर्चच्या गायनवृंदातली स्वरांची मांडणी, परीकथांची पुस्तकं, आणि शेवटच्या गाण्यात ‘राय’ नावाचं त्याने स्वतःच कल्पिलेलं राज्य. हे सगळं गोळा झालं ते निवासी शाळेत, घरापासून समुद्रापलीकडे. आणि पाचगणी काय परदेशात होती? चेसन साहेबाने वसवलेलं ते थंड हवेचं गाव, तिथल्या पाद्र्यांच्या आणि पारश्यांच्या शाळा, पुण्याचा कॅम्प, तिथल्या इराण्यांच्या बेकऱ्या, चर्चचे ऑर्गन, हाही महाराष्ट्रच. मराठी साहित्याने या महाराष्ट्राला आपल्यात फारसं धरलं नाही, ही गोष्ट निराळी. फारूखच्या संगीतातला भारत बघायचा तर तो इथला आहे, सतारीतला नाही.

सतार या तबकडीवर आहे, पण ती इंग्रजाची.

पांढऱ्या बाजूवर ‘व्हाइट क्वीन’ नावाचं गाणं आहे. मेने ते १९६८च्या सुमाराला, विद्यार्थी असताना, रॉबर्ट ग्रेव्हजचं ‘द व्हाइट गॉडेस’ वाचून लिहिलेलं. त्याच्या मधल्या भागात गिटार अचानक सतारीसारखी झणझणू लागते. ही गिटार कुठली भारी नव्हे. शाळेतल्या मित्राकडून अदलाबदलीत आलेली, हॉलफ्रेड नावाची स्वस्तातली लाकडी गिटार. मेने तिची मूळ घोडी काढली, कठीण लाकडाची बसवली, छिन्नीने घासत घासत सपाट केली आणि पडद्यांच्या तारेचे बारीक तुकडे तिच्यावर अशा बेताने ठेवले की तारा त्यांना जेमतेम टेकतील. तार छेडली की त्या तुकड्यावर घासते, आणि एका सुराऐवजी सुरांचं मोहोळ उठतं.

मिरजेत या कामाला जवारी काढणं म्हणतात. तिथल्या सतारमेकरांच्या घराण्याचे मूळ पुरुष फरीदसाहेब हे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम आटलं तेव्हा हे घराणं तंतुवाद्यांकडे वळलं. सतारीची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते. तार त्या उतारावर किती लांबवर टेकते आणि कुठे सुटते, यावर आवाज बंद की खुला ते ठरतं. कानसीचा एखादा फटका जास्त बसला तर सगळं काम पहिल्यापासून. हे ज्ञान पिढ्यांनी हाताने मिळवलेलं. मेने ते गुरूशिवाय, पदार्थविज्ञानाच्या आणि हट्टाच्या बळावर, स्वस्त गिटारीवर गाठलं. मिरजेचा कारागीर कदाचित त्याच्या जवारीला नाव ठेवील. पण काय साधायचं आहे ते त्याला नेमकं कळलं होतं.

या माणसाची मुख्य गिटारही घरचीच. वडिलांच्या मदतीने, जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून बनवलेली. आणि अल्बमच्या अगदी पहिल्या तुकड्यात, ‘प्रोसेशन’मध्ये, त्या गिटारीचे थर लावून जे वाद्यवृंदासारखं काही ऐकू येतं, ते डीकनने भंगारात सापडलेल्या सर्किटपासून जुळवलेल्या चिमुकल्या ॲम्प्लिफायरमधून आलेलं. तो चालायचा नऊ व्होल्टच्या बॅटरीवर. अतिश्रीमंती म्हणून ज्या अल्बमला पुढे हिणवलं गेलं, त्याची सामग्री ही अशी.

अल्बम तयार होऊनही अडकला. ऑक्टोबर १९७३च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेल महागलं, ब्रिटनमध्ये वीज वाचवण्यासाठी कारखान्यांवर तीन दिवसांचा आठवडा लादला गेला, आणि तबकड्यांचं प्लॅस्टिक तर तेलातूनच निघणारं. शेवटी ८ मार्च १९७४ला तो निघाला. तोवर नशिबाने एक दार उघडलं होतं. बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर डेव्हिड बोवीच्या नव्या गाण्याची फिल्म वेळेवर मिळाली नाही, म्हणून २१ फेब्रुवारीच्या कार्यक्रमात या अनोळखी पोरांना बोलावलं. काळ्या बाजूचं शेवटचं गाणं, ‘सेव्हन सीज ऑफ राय’, ब्रिटनमध्ये दहाव्या क्रमांकावर गेलं, अल्बम पाचव्या. समीक्षकांतल्या बऱ्याच जणांनी नाकं मुरडली: फार घोटलेलं, फार नटवलेलं. लोकांनी मात्र विकत घेतलं.

मुखपृष्ठ छायाचित्रकार मिक रॉकचं. काळ्या पार्श्वभूमीवर चार चेहरे, वरून येणारा उजेड, मध्ये मर्क्युरी, हात छातीवर दुमडलेले. ही कल्पना मार्लीन डीट्रिखच्या १९३२च्या ‘शांघाय एक्स्प्रेस’ सिनेमातल्या छायाचित्रावरून उचललेली. १९७५मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या व्हिडिओत हेच चार चेहरे हलू लागले, आणि मग कुणी मूळ मुखपृष्ठाची आठवण काढेना.

पुनर्प्रकाशनांचा इतिहास थोडक्यात उरकतो, कारण त्यातला बराचसा भाग व्यापाराचा आहे. १९९१मध्ये, मर्क्युरीच्या अखेरच्या वर्षात, अमेरिकेत डिस्नीच्या हॉलिवूड रेकॉर्ड्सने क्वीनचे जुने अल्बम सीडीवर आणले. ‘क्वीन टू’च्या शेपटीला ‘ओगर बॅटल’ आणि ‘सेव्हन सीज’ यांची त्या काळच्या नाचाच्या ठेक्यातली नवी रूपं चिकटवली. ती ऐकून झाली की मूळ गाण्यांबद्दलचा आदर वाढतो, एवढाच त्यांचा उपयोग. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला मर्क्युरी गेला.

खरं काम २०११चं. ईएमआय या तबकडी कंपनीशी असलेला जवळजवळ चाळीस वर्षांचा संबंध तोडून क्वीन युनिव्हर्सलकडे गेले होते (पुढच्याच वर्षी युनिव्हर्सलने ईएमआयचा ध्वनिमुद्रणाचा धंदाच विकत घेतला, म्हणजे घर बदलून मालक तेच). मार्च २०११मध्ये पहिले पाच अल्बम नव्याने निघाले. बॉब लुडविग या अमेरिकन ध्वनितज्ज्ञाने मूळ फिती पुन्हा उतरवून घेतल्या. मिश्रणाला हात लावला नाही. सोळा पट्ट्यांचा जो हिशेब १९७३मध्ये झाला, तोच कायम. फक्त काच पुसली. आणि तेवढ्याने या अल्बमचा खटला बराचसा निकाली निघाला. जुन्या सीडीवर काळी बाजू लगद्यासारखी वाटायची. आता ‘फेअरी फेलर’मध्ये एक आवाज डावीकडून उजवीकडे सरकतो तेव्हा त्याच्या मागचा दुसरा कुठे उभा आहे ते कळतं. ‘मार्च’मध्ये पियानो आवाजांखाली गाडला जात नाही. समीक्षकांना जो पसारा वाटला, त्यात प्रत्येक वस्तू आपल्या जागी होती. १९७४च्या लंडनमध्ये घरच्या साध्या यंत्रावर ती दिसणं शक्य नव्हतं, इतकं त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

२०१५मध्ये सगळ्या अल्बमांच्या रंगीत तबकड्यांचा मोठा संच निघाला. त्यात ‘क्वीन टू’ दोन तबकड्यांवर विभागला, एक पांढरी आणि एक काळी. देखणं आहे, पण बाजू उलटण्यासाठी तबकडीच बदलायची म्हणजे मूळ गंमत गेली. एकाच वस्तूच्या दोन बाजू, हीच तर योजना होती.

२०११च्या संचातली जोडतबकडी मात्र चुकवू नये. ‘सेव्हन सीज’ची आवाज काढून टाकलेली आवृत्ती तिच्यात आहे, ती ऐकताना पियानोचा हात किती पक्का होता ते उघडं पडतं. एप्रिल १९७४मध्ये बीबीसीसाठी पुन्हा मुद्रित केलेलं ‘नेव्हरमोर’ आहे. आणि २४ डिसेंबर १९७५ला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधल्या कार्यक्रमातलं ‘व्हाइट क्वीन’ आहे. मंचावर जवारीची ती गिटार नेणं सोयीचं नव्हतं. म्हणून मधल्या भागात, जिथे स्टुडिओत सतारीसारखी झणझण आहे, तिथे मर्क्युरी पियानोवर बसतो आणि तो सगळा तुकडा पांढऱ्याकाळ्या पट्ट्यांवर वाजवून काढतो.